अण्णांनी जिवंत केलेली रायफल

बायकोचा, मीनाचा फोन आला तेव्हा मी फ्रीवेवर होतो. "अण्णा गेले रे," एवढंच ती बोलली. पुण्याच्या घरी जेवून जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत... मी गाडी कडेला घेतली. ती त्याच दिवशी विमानात बसली. मी ऑफिसपायी इथे शुगर लँडलाच राहिलो. याला सात आठवडे झाले, आणि आज सासऱ्यांवर लिहायला जावई बसलाय.

अण्णा सरकारी शस्त्र-कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. सासूबाई गेल्यावर, २००६ साली, मीनाने त्यांना ग्रीन कार्डावर इकडे आणलं. आम्ही दोघं कामाला गेलो की हा माणूस दिवसभर एकटा. बाहेर ऊन भाजून काढतंय, गाडी चालवता येत नाही. महिन्याभरात घरातली एकूण एक बिजागरी त्यांनी तेल घालून गप्प केली, मग काही उरलंच नाही. "प्रकाशराव, मला काहीतरी काम द्या हो," म्हणायचे. मी त्यांच्या हातात टीव्हीचा रिमोट द्यायचो. काय म्हणावं माझ्या अकलेला!

काम दिलं शेजारच्या रे नावाच्या गृहस्थाने. त्याच्या आजोबांची शंभरेक वर्षांची रायफल होती, एका वेळी एकच काडतूस घेणारी. ती काडतुसं बनायची कधीच बंद झालेली. दुकानदार म्हणाले, भिंतीवर टांगून ठेव. अण्णांनी नळीत डोकावून पाहिलं आणि कागदावर चित्र काढलं: झिजलेल्या नळीत नवी बारीक नळी बसवायची, म्हणजे आजचं 'पॉइंट टू टू'चं बारीक काडतूस चालेल. पण त्या काडतुसाला टोला मधोमध नाही, कडेला लागतो. म्हणून मागचा पोलादी ठोकळा, टोला देणाऱ्या पिनेसकट, बदलायचा. रे म्हणाला, आहे त्यालाच भोक पाड की. अण्णा ऐकेनात. "आजोबांच्या वस्तूला भोक? छे! नवा ठोकळा करू, जुना जपून ठेवू." रेच्या गॅरेजमधल्या लेथवर तीन महिने हे चाललं होतं. अण्णा पुन्हा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून 'ड्यूटी'वर जायला लागले.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा हवीच. "या वेळी तुम्ही करा," ते मला म्हणाले. माझा कॉन्फरन्स कॉल सुरू व्हायचा होता. अक्षता अखंड लागतात हे कोणाच्या लक्षात? मी डब्यातल्या तळाच्या कण्या कुंकवात कालवल्या आणि उघड्या पडलेल्या रायफलीवर मूठभर उधळून मोकळा झालो. शनिवारी रेच्या भावाच्या रानात आम्ही रायफल घेऊन गेलो. रेने चाप ओढला. नुसतं टक्. पुन्हा टक्. तिसऱ्यांदाही टक्... अण्णा आपल्या हातांकडे बघत राहिले. आणि मी, कोणी विचारलेलं नसताना, म्हणालो, "अण्णा, आता वय झालं. सोडा हा नाद."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठोकळा उघडला. पिनेच्या वाटेत लालभडक तांदळाची कणी अडकलेली! ती तळहातावर घेऊन ते स्वयंपाकघरात आले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ते मात्र हसले. "बासमती दिसतोय," म्हणाले. "पुन्हा जाऊ. येता ना?" मी म्हणालो, सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, पुढच्या वेळी नक्की. ते दोघंच गेले, आणि रायफल चालली म्हणे. पुढची वेळ मी आणलीच नाही. वर्षभराने अण्णा पुण्याला परतले, कायमचेच.

गेल्या शनिवारी रे दारात आला, म्हणाला, चल. रानात पोचल्यावर त्याने रायफल माझ्या हातात दिली. मी म्हटलं, तूच उडव, तुझी आहे. तो मान हलवून म्हणाला, "त्या दिवशी एकच बार काढला आम्ही. मी त्यांना म्हटलं, दुसरा तुमचा. ते म्हणाले, नाही, दुसरा जावयाचा. त्यांना वेळ झाला की येतील. म्हणून मीही पुन्हा हात लावला नाही."

चौदा महिने, अहो! वर्षभर इथे, मग दोन महिने पुण्याला. आणि मला एका शब्दाने त्यांनी आठवण करून दिली नाही.

मी चाप ओढला. आवाज अगदीच बारीक, लवंगी फटाक्याएवढा. रे दुर्बिणीतून बघून काहीतरी ओरडला; कुठे लागली ते सांगत असावा. मला ते ऐकू आलं नाही. "चालली हो अण्णा, चालली," असं मी त्या मोकळ्या रानात मोठमोठ्याने म्हणत होतो.