दादाने दिलेली साक्ष

फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. पलीकडून वहिनी नुसती "शोभाताई... शोभाताई..." करत होती. दादा दवाखान्यात जायला निघाला होता, बूट घालायला वाकला आणि तिथेच कलंडला. सुरतेच्या भेस्तान भागात आमच्या घरांमध्ये दोन गल्ल्यांचं अंतर. मी धावत पोचले तेव्हा त्याच्या एकाच पायात बूट होता. दंतवैद्य म्हणून त्याने जन्मभर लोकांना "घाबरू नका, कळणारसुद्धा नाही" असं सांगितलं. त्याचं त्याला खरंच कळलं नसावं, एवढंच आमचं समाधान. याला आता पाच आठवडे झाले.

आमचे बापू अमळनेरकडून सुरतेला कापडाच्या मागावर कामाला आले आणि मागावरच म्हातारे झाले. त्यांच्या पोराने डॉक्टर व्हावं हे गल्लीला अप्रूप होतं. तो दातांचाच डॉक्टर झाला म्हणून थोडी निराशाही होती. दादाला व्यसनं दोनच, चहा आणि खुनाच्या गोष्टी. जुन्या मराठी रहस्यकथा, स्टेशनवरची हिंदी पॉकेटबुकं, रद्दीतून उचललेल्या इंग्रजी कादंबऱ्या, काहीही चालायचं. पेशंटचं तोंड उघडं करून, त्यात कापूस कोंबून तो त्याला अख्खी गोष्ट ऐकवायचा. बिचाऱ्याला "पुरे" म्हणायचीही सोय नसे. त्यातही गोष्टीत दंतवैद्य आला की स्वारी खुलायची. एका वहीत त्याने असे सगळे दंतवैद्य टिपून ठेवले होते. कोणी स्वतःच्याच दवाखान्यात मेलेला, कोणी दाढेत विष भरणारा, कोणी चेहरा नसलेल्या प्रेताचे दात बघून नाव सांगणारा. "रहस्यकथेत आमची माणसं दोनच कामांना येतात शोभे," तो म्हणायचा, "एक तर मरायला, नाहीतर साक्ष द्यायला." लेखकांच्या चुकाही तो काढायचा. दाढेत भरलेली चांदी एवढ्या लवकर घट्ट होत नाही, मेलेल्याची दाढ अशी अलगद निघत नाही... मी म्हणायचे, "दादा, तुला खुनी नकोय, तुला परीक्षेचे पेपर तपासायचेत."

त्या पुस्तकांपायीच तो प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवायचा. बत्तीस चौकोन, कुठली दाढ काढली, कुठे चांदी भरली, सगळं त्याच्या बारीक अक्षरात. आमच्याकडे येणार कोण, तर कारखान्यातली माणसं. दाढ उपटून घेऊन जी जातात ती पुन्हा तोंड दाखवत नाहीत. तरी कार्ड हवंच. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी संध्याकाळी त्याच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसू लागले. नाव विचारायचं, कार्डावर लिहायचं, नंबर आला की हाक मारायची, हे माझं काम.

चार वर्षांपूर्वी जवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्यात आग लागली. एक माणूस गेला, ओळखू येण्यापलीकडे. त्या पाळीवर हजेरीचं कार्ड भटू नावाच्या कामगाराचं लागलेलं होतं आणि भटूचा पत्ता नव्हता. घरच्यांनी दादाला गाठलं, कारण त्या कारखान्याच्या कायम कामगारांवर, कारखान्याचं कार्ड दाखवलं की, आमच्याकडे फुकट उपचार होत. भटूच्या दातांचं कार्ड आमच्या कपाटात होतं. दादा गेला, पाहिलं, ताडून बघितलं. खालची उजवी दाढ काढलेली, शेजारच्या दोन्हींत चांदी. त्याने लिहून दिलं, हा भटूच. घरी आल्यावर कितीतरी वेळ हात धूत होता. "आयुष्यात एकदा साक्ष द्यायची वेळ आली," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं, पण थोडा अभिमानही होता, हे मी आज लपवणार नाही. भटूच्या घरच्यांनी अग्नी दिला, बायकोच्या बांगड्या फोडल्या.

आणि पाचव्या दिवशी भटू परत आला. बायकोशी भांडून, फोन बंद करून, देवीच्या गडावर गेला होता. लोकांनी त्याला तसाच दवाखान्यात आणला. दादाने त्याला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं... बत्तीसच्या बत्तीस. एकालाही कधी कोणाचा हात लागलेला नाही.

"डाक्टर, मी तुमनाकडे कधी उनूच नही," तो रडत म्हणाला. "मनं कार्ड लिसन सुकलाल उना व्हता. त्या दिवशीबी मना बदलीवर तोच व्हता."

सुकलाल त्याच्याच गावचा, वर्षानुवर्षं बदली कामगार. स्वतःचं कार्ड नाही. दुसऱ्याच्या कार्डावर पाळी करायची आणि दाढ दुखली तर दुसऱ्याच्याच कार्डावर दाखवायची, यात आमच्या लोकांना काही वावगं वाटत नाही. भावाभावांत चालतंच. दादाच्या पुस्तकांत कार्डाची अदलाबदल करणारा माणूस नेहमी खुनी निघायचा. इथे तो दाढदुखीने हैराण झालेला एक गरीब माणूस होता.

सुकलालची बायको इंदू घरी बसून साड्यांना टिकल्या लावते. नवरा हजिऱ्याला ठेक्याच्या कामाला गेलाय, एवढंच तिला माहीत. ते पाचही दिवस ती भटूच्या बायकोला धीर द्यायला तिच्या घरी जात होती. दादा स्वतः तिच्याकडे गेला, मी बरोबर होते. "इंदू, ती दाढ मी काढली होती. माझ्या हातची चांदी मी ओळखतो," तो म्हणाला. ती शांतपणे म्हणाली, "पहिलांदाबी तुम्ही असंच सांगेल व्हतं."

प्रेत तर जाळून झालेलं होतं. तपासणीसाठी ठेवलेल्या हाडाच्या तुकड्यातून काही निष्पन्न झालं नाही. ठेकेदार म्हणाला, सुकलाल आलाच नव्हता. इंदू म्हणाली, ठेकेदार खोटं बोलतो. तिने कुंकू पुसलं नाही. दर महिन्याला दवाखान्यात यायची, खुर्चीत बसायची, तोंड उघडायची. तिच्या दातांना काहीही झालेलं नव्हतं. दादा तरीही बघायचा. उठताना ती त्याच्याकडे पाहायची, तो मान खाली घालायचा, आणि ती निघून जायची. त्याने रहस्यकथा वाचणं सोडलं. "शेवटच्या पानावर सगळं जुळतं ना, ते आता सोसत नाही गं," म्हणाला होता.

एक गोष्ट मी त्याला कधीच सांगितली नाही. सुकलाल आला त्या संध्याकाळी मी बाकाकडे बघून "भटू" अशी हाक मारली, तर तो उठलाच नाही. तीनदा मारली. शेजारच्याने कोपराने ढोसलं तेव्हा उठला. "दाढ दुखते की कान?" अशी मी त्याची थट्टाही केली. दादाने हे ऐकलं असतं तर तिथल्या तिथे ओळखलं असतं, गोष्टीत असा दुवा त्याच्या नजरेतून कधी सुटला नाही. पण तो आत होता, हाक मी मारत होते. आग लागल्यावर मला ते आठवलं नाही आणि आठवलं तेव्हा उशीर झाला होता. नंतर त्याचा पडलेला चेहरा बघून रोज वाटायचं, आज सांगू... चार वर्षं गेली, मग तोही गेला.

गेल्या आठवड्यात झाडलोट करायला दवाखाना उघडला, तर इंदू आली. तिचा महिना भरला होता. दादा गेल्याचं तिला ठाऊक होतं, तेराव्यालाही येऊन गेली होती. तरी सरळ आत जाऊन खुर्चीत बसली. मी फडकं हातात घेऊन उभी.

"ताई," ती म्हणाली, "डाक्टर एक डाव चुकनात. मंग दुसरा डावबी चुकेल व्हतीन ना?"

दादा दातांत कधीच चुकला नव्हता. दोन्ही वेळा त्याने बघितलं ते बरोबर होतं. चुकलं होतं ते फक्त नाव, आणि ते माझ्या अक्षरात होतं. हे त्याच्यासाठी मला सांगायला हवं होतं. त्याच्यामागे त्याची बाजू घेणारी मी एकटीच उरले होते. पण ती माझ्याकडे बघत होती...

"हो," मी म्हटलं, "चुकले असतील."

तिने डोळे पुसले, पदर सारखा केला. "पुढला महिनाले येसू," म्हणाली आणि गेली.