आयचं लुगडं स्टेजवर

कुमुदने तोंडाला काजळी फासली होती. गळ्यात सुक्या बोंबलांची माळ. हातात बाटली. अंगावर माझ्या आयचं लुगडं, गुडघ्यांच्या वर ओढून खोचलेलं. ती झोकांड्या खात स्टेजच्या मधोमध आली, पोट खाजवलं आणि ओरडली, "मना पानी नको गो, मना तारी दे!"

हॉलमध्ये हशा फुटला.

मी विंगेत उभी होते. पडद्याची दोरी माझ्या हातात होती. आणि माझी आय समोर, हॉलमध्ये बसली होती.

तारी म्हणजे ताडी. आम्ही आगरी. आमच्या बोलीत गाडीची गारी होते, घोड्याचा घोरा होतो, पाण्याचं पानी होतं. यात हसण्यासारखं काय आहे, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आज म्हातारपणीही कळलेलं नाही. पण लोक हसायचे. कॉलेजात आल्यापासून हसत होते.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झालेली. ठाण्यातलं ते बायकांचं ट्रेनिंग कॉलेज. प्राथमिक शाळेच्या मास्तरणी तयार करायचं. रुळांच्या त्या बाजूला कॉलेज, ह्या बाजूला आमची कोपरी. कोपरीच्या पुढे मिठागरं आणि खाडी. आय नि बाबा दोघंही मिठागरावर. सातवीची फायनल पास झालेली आमच्या आळीतली मी पहिली मुलगी. बाकीच्या मुली ठाण्यातल्या पांढरपेशा घरांतल्या. वकिलांच्या, कारकुनांच्या, शिक्षकांच्या. त्यांच्या बोलण्याला शुद्ध म्हणायचे. माझ्या बोलण्याला गावंढळ.

पहिल्याच महिन्यात माझा सरावाचा पाठ होता. पाण्याची वाफ कशी होते, एवढंच मुलांना सांगायचं होतं. मी म्हणाले, "पानी उकलतं." मागे बसलेल्या मुली खिदळायला लागल्या. समोरची लहान पोरं नाही हसली. ह्या हसल्या. पाठ तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "आधी स्वतः बोलायला शीक. मग दुसऱ्यांना शिकव."

त्यानंतर मी गप्प झाले. 'हो बाई', 'नाही बाई', एवढंच. डब्यात सुकट असली की डबा जिन्याखाली खायचा. कुणी तसा नियम केला नव्हता. बाकीच्यांनी नाकाला पदर लावला की नियम आपोआप होतो.

अशात एके दिवशी कुमुद माझ्याजवळ येऊन बसली. कुमुद म्हणजे संमेलनाची चिटणीस. तिचे वडील मोठे वकील. गोरी, हुशार, सगळ्या बाईंची लाडकी. म्हणाली, "अगं, तुमच्याकडे लग्नात बायका गातात ना? किती गोड असतात ती गाणी! आपण संमेलनात बसवू या. तू शिकव आम्हाला."

माझ्या तोंडून निघालेलं काहीतरी कुणाला हवं होतं. कॉलेजात पहिल्यांदाच.

मी शिकवलं. कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात चौघीजणी बसायच्या, मी गायचे, त्या मागून म्हणायच्या. मांडवात देवांना बोलवायचं गाणं ते. गावदेवीला बोलवायचं, खाडीच्या देवाला बोलवायचं, गेलेल्या आजा-आजीला नाव घेऊन बोलवायचं. सगळे आले की मगच लग्न लागतं. मी त्यांना प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला. खोटं कशाला बोलू, कुमुद छान गायची. चाल तिने दोन दिवसांत उचलली. मला तिचा अभिमान वाटला.

"मी पण तुमच्यात गाऊ ना?" मी विचारलं.

"तू पडदा सांभाळ," कुमुद म्हणाली. "तुझे हात मजबूत आहेत."

शेवटच्या तालमी तिच्या घरी झाल्या. तिथे मला बोलावलं नाही. मला वाटलं, घर लहान असेल. वकिलाचं घर, आणि मला वाटलं लहान असेल!

हे गाणं माझ्या आयचं होतं. आय आमच्या गावची धवलारीण. आमच्यात लग्नाचे विधी धवलारीण गाऊन करते. भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, जातो. धवलारीण हळदीपासून वरात घरी येईपर्यंत गाते. तिने गायल्याशिवाय हळद लागत नाही. नवरा-नवरी तिच्या पाया पडतात, गावातली म्हातारी माणसं तिला वाट देतात. दिवसा ती डोक्यावर मिठाची टोपली वाहायची. मिठाने तिच्या पायांना चिरा पडलेल्या. पण मांडवात उभी राहिली की तिच्यापुढे कुणी बोलायचं नाही. दारू प्यायलेला माणूसही नाही.

मी तिला सांगितलं, तुझं गाणं कॉलेजात होणार आहे.

"माजं गानं? कालेजान?" ती कितीतरी वेळ हसत होती. मग पेटीतून लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. कुमुदने मागितलंच होतं एखादं. "हेच ने. देवाचं गानं हाय, फाटकं कशाला?"

संमेलनाच्या दिवशी ती कामावर गेली नाही. डोक्यात अबोलीची वेणी माळून आली. दाराशी उभ्या असलेल्या मुलीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कडेच्या सतरंजीकडे बोट दाखवलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. आय सतरंजीवर बसली. मी विंगेतून बघत होते. तिने मला बघितलं आणि मान हलवली. खुश होती.

मग मी दोरी ओढली. पडदा माझ्याच हाताने उघडला.

आधी चाल सुरू झाली. तीच चाल, पेटीवर. आयने ती ओळखली. तिचे ओठ हलायला लागले. सवयच ती. सूर लागला की ती गाणारच. मग कुमुद आली, त्या अवतारात. बाकीच्या तिघी तिच्यामागे, कमरेवर हात, दात पुढे काढून.

"सुक्या बोंबला, मांडवान ये! ताज्या निवट्या, मांडवान ये!"

देवांच्या जागी मासे. आजा-आजीच्या जागी ताडीची मडकी. पहिल्या रांगेत शिक्षण खात्यातले एक साहेब पाहुणे होते. ते मांडीवर थाप मारून हसत होते. त्यांच्या शेजारी आमच्या प्रिन्सिपॉल बाई. त्याही हसत होत्या.

आयचे ओठ अजून हलत होते. गाण्यातल्या शब्दांचा अर्थ लागायला जरा वेळ लागतो. मग ते थांबले. तिने आजूबाजूला बघितलं, सगळे कशाला हसतायत ते. मग पुन्हा स्टेजकडे बघितलं. आणि तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. वेणी झाकली.

तिने वेणी झाकली ना, तिथे माझ्यात काहीतरी तुटलं. तुटलं म्हणते, पण खरं तर जुळलं असेल. मी दोरी सोडली आणि स्टेजवर गेले.

"कुमुद," मी म्हणाले, "लुगरं कार. माज्या आयचं हाय."

लुगडं काढ, असं म्हणायचं होतं. वर्षभर घोटलेली शुद्ध भाषा त्या क्षणी कुठे गेली, देव जाणे. तोंडून निघाली ती माझी.

आणि हॉल आणखी हसला. आधीपेक्षा मोठ्याने. टाळ्या पडल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "वा! ही खरी वाटते!"

त्यांना वाटलं, मी नाटकातलीच आहे.

त्या हशात मी उभी होते. माझा राग त्यांना विनोद वाटत होता. तोंड उघडलं की नक्कल, गप्प बसले की गावंढळ. आम्ही कसंही केलं तरी यांची करमणूकच होणार होती. हे मला तिथे, दिव्यांच्या उजेडात, लख्ख कळलं. कुठल्या पुस्तकाने शिकवलं नसतं इतकं.

मी हलले नाही. हसून हसून माणूस किती हसेल? मी वाट बघितली. हळूहळू हशा विरळ झाला. पेटी थांबली. कुणीतरी खोकलं.

मग मी लोकांकडे तोंड केलं. "ही नक्कल नाय. मी अशीच बोलतंय. हे गानं माज्या आयचं हाय. ती तिथं बसलीय, सतरंजीवर. ह्या गान्यान देव येतात. तुमी त्यांना बोंबील केलात."

सगळ्या माना वळल्या. आय उठली. मला वाटलं, निघून जाईल. पण ती खुर्च्यांच्या मधून सरळ स्टेजकडे आली आणि पायऱ्या चढली. कुमुद पुटपुटली, "अगं, गंमत होती नुसती." तिने लुगडं आपल्या वर खोचलेल्या साडीवरूनच नेसलेलं. भराभर सोडलं आणि खाली टाकलं.

आयने ते उचललं. नऊ वारी लुगडं एकटीला नीट घडी करता येत नाही. तिने एक टोक माझ्याकडे दिलं. मी धरलं. काठाला काठ लावला. आम्ही झटकलं, ताणलं, दुमडलं. आयने मुळीच घाई केली नाही. पाहुणे, प्रिन्सिपॉल बाई, वकील, त्यांच्या बायका, सगळे बघत बसले. घडी झाली. आयने ती काखेत धरली.

"चल गो," ती म्हणाली.

आम्ही मधल्या वाटेने बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉल बाईंनी बोलावलं. त्या चिडल्या नव्हत्या. मऊ बोलत होत्या. तेच वाईट होतं.

"उद्या शिक्षिका होणार तू. थोडा विनोद कळायला हवा. पाहुण्यांसमोर कॉलेजची लाज गेली. सोमवारी प्रार्थनेला सगळ्यांसमोर कुमुदची माफी माग. विषय संपला."

"आणि माझ्या आईची माफी कोण मागणार?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू टेबल बोललं.

"तुझ्यासारखीला इथे जागा दिली, हे विसरू नकोस," त्या म्हणाल्या. "माफी नाही, तर परीक्षा नाही."

घरी सांगितलं. बाबा बाहेर जाऊन बसले. आय भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "मांग ना माफी. दोन शब्द बोलायचे नि सुटायचं. शिक्षन पुरं होईल. मना काय नाय लागलं."

"तुना लागलंय," मी म्हणाले. "तू वेनी झाकलीस. मी बघलंय."

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिने उलटली नाही. मग म्हणाली, "मंग नको मांगू."

सोमवारी मी प्रार्थनेला गेले. माफीची वेळ आली. प्रिन्सिपॉल बाईंनी माझं नाव घेतलं. दोनशे डोळे असतील, जास्तही असतील. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी माफी मागणार नाही." खाली बसले. बस्स.

परीक्षेला मला बसू दिलं नाही. त्या उन्हाळ्यात मी आयबरोबर मिठागरावर गेले. टोपली डोक्यावर, पाय खाऱ्या पाण्यात. आळीतल्या बायका हळहळायच्या. "दोन शब्दांसाठी येवरं शिकलेली पोर मीठ वाहते." काही वेळा मलाही वाटायचं, चुकले का? पायाला मीठ झोंबलं की जास्त वाटायचं. मग तो हशा आठवायचा. 'ही खरी वाटते.' मी पाय उचलून पुढे जायचे.

दुसऱ्या वर्षी कल्याणच्या ट्रेनिंग कॉलेजात अर्ज केला. मुलाखतीला बोलावलं. आमच्या आळीतले एक जाणते काका मला सांगत होते, "आधीचं कॉलेज का सोडलं विचारतील. आजारी होते म्हण. टायफॉईड झालेला म्हण."

टेबलापलीकडे एक म्हाताऱ्या बाई होत्या. चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी तेच विचारलं. "एक वर्ष राहून परीक्षा दिली नाहीस. का?"

टायफॉईड जिभेवर आला होता. मी गिळून टाकला.

"संमेलनात माझ्या आईची टर उडवली. मी स्टेजवर जाऊन थांबवलं. माफी मागायला सांगितलं, मी मागितली नाही. म्हणून परीक्षेला बसवलं नाही."

बाईंनी चष्मा काढला. "इथेही संमेलन असतं," त्या म्हणाल्या. "इथे असं काही झालं तर?"

"तर इथेही स्टेजवर जाईन."

त्या बघत राहिल्या. मी खाली बघितलं नाही.

प्रवेश मिळाला. नसता मिळाला, तर पुढच्या कॉलेजच्या दारात जाऊन मी हेच सांगितलं असतं. आणि त्याच्याही पुढच्या.