मास्तरांचं जेवण काही येईना

साठी उलटलेले शिंपी मास्तर पोस्टातल्या बाईंना कोपऱ्यावरच्या स्पॅनिश हॉटेलात घेऊन गेले. दोघंही एकटी. जेवण समोर आलं की लग्नाचं विचारायचं, रिकाम्या पोटी नाही, असा मास्तरांचा बेत. तो त्यांनी फक्त न्हाव्याच्या कानात सांगितला होता.

लाल वाइन आली. मागोमाग बशीत चार ऑलिव्ह, मग लसणातली कोळंबी, मग बटाट्याच्या जाड ऑम्लेटचे दोन तुकडे. मास्तर खूश! चाळीस वर्षं गिऱ्हाइकापुढे कापडाचे नमुने टाकलेला माणूस, प्रत्येक बशी चाखून ते वेटरला सांगत, "हा नमुना पसंत." वेटर मान डोलवून नवी बशी आणी. सहा बशा झाल्या, दुसरा ग्लास संपला, मास्तरांनी पट्टा एक भोक सैल केला. जेवणाचा पत्ता नाही.

"अहो, नमुने पुष्कळ झाले," ते शेवटी वेटरवर करवादले, "आता जेवण आणा की!"

बाईंनी तोंडाला रुमाल लावला, तरी हसू फुटलंच. "मास्तर, हेच जेवण. इथे असंच थोडं थोडं खातात."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लगेच विचारलं असतंत. मला अजून कोळंबी खायची होती."

मास्तरांचे कान लाल झाले. "म्हणजे, तुम्हाला ठाऊक होतं?"

"न्हाव्याला सांगितलंत ना? अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. विचारा आता."

त्यांनी विचारलं. बाईंनी शेवटची कोळंबी त्यांच्या बशीत सरकवली आणि त्या म्हणाल्या, "हा नमुना पसंत."