कच्च्या रंगाची भेंडी

राहनाळचे केसरीनाथमामा भिवंडीतल्या एका डाइंगमध्ये रंगवलेलं कापड तपासायचे. मामा रिटायर झाले, पण त्यांचा डोळा झाला नाही. कुणाचीही नवी साडी दिसो, कोपरा ओला करून चोळणार आणि रंग लागलेलं बोट चारचौघांत नाचवणार. लग्नघरात आहेर त्यांच्यापासून लपवून ठेवावे लागतात. आम्ही शेजारी, आमचे तर पडदेही सुटले नाहीत.

घरामागे द्रौपदीमामींची भाजीची वाडी आहे. मुलाला, विपुलला, तिथे गोदाम हवं होतं. गेल्या हिवाळ्यात गारठ्याने भेंडीचं बी मातीतच कुजलं, तेव्हा तो म्हणाला, "आये, पुढच्या थंडीत भेंडी उगवली तर वाडी तुझी. न्हायतर पाया खणतो." मामी उठून वाडीत जाऊन बसल्या. मला फार वाईट वाटलं.

यंदा मामांनी पडघ्याहून खास बी आणलं. त्यावर निळा लेप होता. माती गार असेपर्यंत तो पाणी आत शिरू देत नाही, ऊब आली की देतो, म्हणजे बी कुजत नाही. दुकानदार हरेशने हे समजावलं होतं, पण मामा कुणाचं ऐकून घेतात? घरी येऊन त्यांनी बी ओल्या फडक्यात चोळलं. फडकं निळं!

"कच्चा रंग! फसवला हरेशनं!"

सगळं बी कोमट पाण्यात घासून धुतलं आणि फडकं घेऊन मामा पडघ्याला भांडायला गेले.

हरेशने कपाळावर हात मारला. "मामा, ती साडी न्हाय! बियांचा स्वेटर व्हता तो. भर थंडीत पोरं उघडी केलीत!"

त्याच्याकडे तसलं बी आता उरलंही नव्हतं. मामा मान खाली घालून घरी आले. "द्रौपदी, मी तुझी वाडी घालवली."

मामींनी आधी त्यांना यथेच्छ झोडपलं. मग धुतलेलं बी ओल्या फडक्यात बांधून त्यांच्या बनियनमध्ये कोंबलं. "आता मोड येईपर्यंत उबवा. राग तर कायम डोक्यात, ऊब कमी न्हाय तुमच्यात."

मामा खुडूक कोंबडीसारखे खाटेवर बसून राहिले. शिंकसुद्धा जपून. मोड आले तसे मामींनी दुपारच्या उन्हात बी टोकलं आणि संध्याकाळी वाफ्यावर पेंढा पसरला.

विपुल टेप घेऊन जागा मोजायला आला, तेव्हा वाफ्यात दोन-दोन पानं वर आली होती. मामी दारातच उभ्या होत्या. विपुलने वाकून एका रोपावरचा पेंढा बाजूला केला. मग टेप खिशात टाकून त्याने चपला बांधावर काढल्या.

"आये, पाणी कुठनं सोडू?"