एकतीस वर्षं मेलेला राजा

माझ्या मामांइतक्या वेळा मेलेला माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. उंद्रीजवळच्या माझ्या आजोळी यात्रेला दरवर्षी एकच जुनं शोकांत नाटक व्हायचं. शेवटच्या अंकात राज्य गमावलेला राजा लांबलचक भाषण करून विषाचा पेला पितो. तो राजा म्हणजे मामा, एकतीस वर्षं. त्या दिवशी ते उपाशी राहायचे. "भरल्या पोटी मरण खोटं वाटते," हे त्यांचं शास्त्र. विष म्हणून मामी काडेचिराइताचा काढा द्यायच्या, तो इतका कडू की तोंड वाकडं करायला अभिनय लागत नसे. लोक वन्स मोअर द्यायचे आणि मामा उठून, अंगरखा झटकून पुन्हा मरायचे. एका वर्षी तीनदा मेले आणि पुढचे चार दिवस कंबर धरून बसले. शेवटच्या मरणानंतर मात्र आभारप्रदर्शन संपेपर्यंत डोळे उघडत नसत. मेलेल्या माणसानं लगेच उठून पान खाणं त्यांना बरं वाटायचं नाही.

सगळं नाटक त्यांना तोंडपाठ. तरी विंगेत वही घेऊन त्यांचे बालमित्र, गावातले शिंपीकाका बसायचे. शब्द सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, पण अंक संपेपर्यंत त्यांचं बोट ओळीवरून हटायचं नाही. काकांची लेक पुढच्या रांगेत बसून दरवर्षी राजासाठी रडायची. ती लग्न होऊन गेली आणि तीन वर्षांपूर्वी सासरी तिनं स्वतःचा जीव संपवला. इथं मला गंमत करता येत नाही. त्या वर्षी नाटक झालं नाही. शिंपीकाकांनी मशीन झाकून ठेवलं.

आणि मामा विसरायला लागले. रोज सकाळी काकांकडे निरोप जायचा, "भाषण आठवून नाही राह्यलं, वही घेऊन ये." काका यायचे, ओळ सांगायचे, मामा ती चुकवायचे, काका चिडून पुन्हा सांगायचे. असे दोन-दोन तास. मामींनी घाबरून मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा मामा गोठ्यात म्हशीसमोर उभे राहून अख्खं भाषण, कानामात्रा न चुकता, म्हणत होते.

"मामा, हे काय सोंग?"

"हळू बोल बे. आपल्या शिंप्याले म्या सरळ इचारलं, मराचं मनात येते का? तो हाव म्हणे. मंग चिखलीले डॉक्टरकडं नेलं, गोया चालू हायेत. पण सकाळी उठाचं काऊन, हे डॉक्टर कसं सांगन? म्हणून मी विसरून राह्यलो."

मग म्हशीची पाठ खाजवत म्हणाले, "थे पोरगी म्होरंच बसे. अन् म्या इतके वर्सं मरण गोड करून दाखवलं."

मी म्हशीपुढे वैरण टाकली.

पुढच्या यात्रेला नाटक लागलं. शेवटच्या अंकात मामांनी पेला उचलला आणि भाषणाच्या तोंडाशीच अडले. त्यांनी विंगेकडे पाहिलं. या वेळी सोंग नव्हतं, शब्द खरंच निघत नव्हते. विंगेत वही उघडी होती, बोट ओळीवर होतं, पण काकाही गप्प. मग विंगेतून काकांचा आवाज आला, "ठेव थो पेला खाली."

असं वाक्य वहीत नव्हतं. मामांनी पेला ठेवला आणि मुकुटासकट मटकन खाली बसून रडू लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "मरत काऊन नाही बे राजा?" कोणीतरी पडदा ओढला.

आता आमच्या नाटकात राजा मरत नाही. त्यामुळे नाटक फिकं पडलं, शेजारच्या गावांचे लोक येईनासे झाले आणि मामांची कला संपली असं जाणकार सांगतात. तालीम मात्र रोज असते. मामांना सगळं येतं हे काकांना केव्हाच कळलंय, तरी ते वही काखेत मारून येतात. एखाद्या सकाळी त्यांना उशीर झाला की मामा ओट्यावर उभे राहतात. चहा निवून राह्यला, असं मामी आतून सांगतात.

"निवू दे," मामा म्हणतात. "तो येऊ दे आधी."

मी तिथं असलो तर मीही कप तसाच ठेवतो आणि रस्त्याकडे पाहत बसतो.