चांदीचं दातकोरणं आणि दिवेआगरचे वाल

मुलगी पाहायला दिवेआगरला जायचं ठरलं, तेव्हा मामांनी स्वतःचं चांदीचं दातकोरणं माझ्या खिशात घातलं. माणूस सभ्य आहे की नाही हे जेवण संपल्यावर कळतं, असं त्यांचं मत. त्यांचे वडील ते साखळीला अडकवून कमरेला मिरवत. आमच्या पिढीच्या नशिबी हॉटेलच्या गल्ल्यावरच्या पेल्यातल्या जपानी काड्या आल्या. गिरगावात कितीतरी कारकून नुसता चहा पिऊन, दातात काडी धरून बाहेर पडतात, म्हणजे बघणाऱ्याला ते भरपेट जेवलेले वाटतात. मीही त्यांतलाच.

ज्यांना जायचं असेल त्यांनी पावसाळा टाळावा. तेव्हा आगबोटी बंद असतात. सकाळची बोट धरून दिघीला उतरावं. तिथे संस्थानी हद्द लागते. बोट किनाऱ्यापर्यंत जात नाही, तेव्हा पडावात उतरताना धोतर सांभाळावं. बंदरावर तळलेले मासे मिळतात. मी तिकडे पाहिलं नाही, मामांनी पाहिलं. पुढे बैलगाडी आणि भरपूर धूळ.

"पावनं, पोरगी बघाया चाल्लाव?" गाडीवानाने विचारलं.

"कशावरून?"

"येवढा गप कोन बसतंय गाडीत?"

मुलीच्या वडिलांना सगळे भाऊ म्हणत; ते सुपारीचे बागायतदार. घर वाडीतच, त्यामुळे भर दुपारीही ओटीवर गारवा. मुलीने, म्हणजे सिंधूने, वाढताना मामांच्या पानात दोनदा मीठ वाढलं आणि स्वतःशीच हसली. मला ती तिथेच आवडली. आता हे जमलंच पाहिजे, असं वाटलं.

"वालाचं बिरडं सिंधूनेच केलंय हो," भाऊ म्हणाले.

जेवण झालं, ओटीवर आलो. मामा खाकरले. ही ठरलेली खूण होती. मी दातकोरणं काढून ऐटीत दात कोरू लागलो. भाऊंचा चेहरा उतरला.

"आमच्याकडे वरणभात जेवून कुणी दात कोरत नाही," ते म्हणाले. "अडकलं काय? की बंदरावर काही वेगळं खाल्लंत?"

मामा एकाएकी माडांचे शेंडे न्याहाळू लागले. तेवढ्यात दाराआडून सिंधूचा बारीक आवाज आला, "बाबा, वाल कच्चे राहिले असतील."

"काही अडकलं नाही," मी म्हणालो. "मुंबईत दाखवायला कोरतात. म्हणून मीही कोरले."

भाऊंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठून माडाच्या झावळीतला एक हीर, म्हणजे पात्याची कडक काडी, ओढला, टोकदार मोडला आणि सुपारीच्या खांडासोबत माझ्यापुढे ठेवला.

"आधी ही चावा. म्हणजे कोरायला काही कारण तरी होईल."

आत कुणीतरी हसलं. हसणारी सिंधूच होती, हे मला लग्नानंतर कळलं.

मुंबईत आता ते चांदीचं दातकोरणं समईची वात सारायला वापरतो. मामा आले की लपवावं लागतं. दिवेआगरहून काही आणायचंच तर सुपारी आणावी. बिरडं केलं की सिंधू अजून विचारते, "अडकलं का काही?" मी नाही म्हणतो. खरं तर त्या दिवशी वाल चांगलेच कच्चे होते. एक फाक दाढेत अशी रुतली होती की चांदीला दाद देईना. ती परतीच्या बोटीत, भाऊंच्या हिराने निघाली.