सोनबाचा हिरवा सरडा

आषाढात बुरोंडीहून मला रत्नागिरीला कार्ड आले, ते भिजून शाई फुटलेले. सोनबाला जाऊन तोवर नऊ दिवस झाले होते. पावसाळ्यात आगबोटी बंद, मचवे किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली ओढून ठेवलेले आणि टपाल खाड्या ओलांडत पायी येणार, तेव्हा बातमी लवकर कळणार तरी कशी! कार्ड कुणाकडून तरी लिहून घेतले होते. छातीच्या दुखण्याने सोनबा गेला, आणि ‘आपण नारळी पुनवेनंतर येणार होतात, तरी आता तसदी घेऊ नये,’ एवढाच मजकूर. हे शेवटचे वाक्य त्याच्या बायकोचे, जानकीचे, हे अक्षर परक्याचे असूनही मी ओळखले. कार्ड हातात घेऊन मी शाळेतल्या शास्त्राच्या खोलीत गेलो. तिथे कपाटाच्या वरच्या फळीवर काचेची एक बरणी आहे, तिच्यात एक सरडा आहे. बरणी खाली काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसून मी रडलो. पन्नाशीच्या मास्तराने शाळेत बसून रडू नये हे मला कळते, पण रडलो खरा.

सोनबा हे नाव या पानावर यावे असे त्याने काही केले नव्हते. बुरोंडीच्या मच्छीमारांच्या घरातला तो माणूस विलायती आगबोटीवर खलाशी म्हणून लागला आणि उभी हयात समुद्रावर राहिला. दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी घरी यायचा आणि आला की सांगत सुटायचा. पलीकडचा काठ दिसत नाही अशी नदी, तरी तिचे पाणी गोडे. आगगाडीचे डबेच्या डबे नुसत्या बैलांनी भरलेले. पाण्यावर बर्फाचे डोंगर. वाडीतले लोक ऐकायचे, हसायचे आणि तो उठून गेला की म्हणायचे, “सोडलान बघ सोनबानी आणखी एक!” त्याला हे ठाऊक होते. वरवर तोही हसण्यावारी न्यायचा. पण आतून ते त्याला लागत असे, हे मला पुढे कळले, आणि कळले तेव्हा त्यात माझाही हात लागून गेला होता.

मोठे युद्ध संपून चार-पाच वर्षे झाली असतील. रत्नागिरीत राजिवड्याला त्याची बहीण दिली होती, तिच्याकडे तो आला होता. एक दिवस तिच्या नवऱ्याला, तुकारामला, बरोबर घेऊन तो शाळेत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. बगलेत धोतरात गुंडाळलेली बरणी. आतल्या दारूत सरडा, शेपूट इतके लांब की बरणीत दोनदा वळवून घातलेले. गव्हासाठी बोट अर्जेंटिनातल्या एका नदीबंदरात महिनाभर खोळंबली होती, तिथे रुळांच्या कडेला ऊन खात बसलेला हा सरडा सोनबाने धरला. धरला कसा, तर आपल्याकडची मुले धरतात तसा, फास करून. तिथे माडाच्या झावळीचा हीर कुठून आणणार? म्हणून त्याने गवताच्या काडीला दोरा बांधला. मग मागचे दोन्ही पाय सुतळीने बांधून टोपलीत ठेवला, तीन दिवस झुरळे खायला घातली. चौथ्या दिवशी तो मेला, तेव्हा बोटीच्या भटाऱ्याकडून लोणच्याची रिकामी बरणी मागून आणली आणि बंदरातली पांढरी दारू तिच्यात ओतली.

“मास्तर,” तो म्हणाला, “ह्यो कोन हाय ता तुमी पुस्तकात बगा नि मना लिवून द्या. हिरवागार व्हता, भाताच्या रोपावानी. नि मागच्या पायांला चारच बोटां व्हती, आपल्या सरड्याला पाच असतात. तुमी लिवून दिलांत म्हंजे माजी बाकीची बोलनी पन खरी ठरतील.”

तुकाराम मागे उभा राहून मिशीत हसत होता. मीही हसलो असेन. सोनबा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरेतुरे करत होतो आणि तो मला अहोजाहो. तेव्हा त्यात कुणाला काही वाटत नसे. बरणी ठेवून जा, म्हटले. पुढचे पंधरा दिवस मी त्या सरड्यापायी जेवणखाण विसरलो. हौस तर दांडगी होती, त्यातून माझ्याजवळ एक चांगले भिंग होते, त्यामुळे इतरांपेक्षा मला जास्त दिसते अशी माझी पक्की समजूत होती. पाठीवर रव्यासारखे बारीक कण. पोटावर मात्र चौकोनी खवले, फरशी बसवावी तसे ओळीने. डोक्यावर मोठमोठ्या ढाली. मांडीच्या आतल्या बाजूला सुईने टोचल्यासारख्या छिद्रांची एक रांग. अंगावर पांढऱ्या रेघा आणि त्यांच्या कडेने काळे ठिपके. हे सगळे मी मोजून, मापून उतरवले आणि ते बिनचूक होते, अजूनही त्यात मला खोट सापडत नाही.

खोट दोन ठिकाणी झाली. बरणीतला सरडा हिरवा नव्हताच, निळसर होता. मी लिहिले, ‘रंग निळसर.’ जे डोळ्यांना दिसते तेच लिहावे, ही शास्त्राची शिस्त! मग मागच्या पायांची बोटे मोजली. चार होती. पाचव्याच्या जागी तांदळाच्या कणीएवढा उंचवटा, इकडेही आणि तिकडेही. इथे मात्र माझी शिस्त कुठे गेली कोण जाणे. सरड्याला पाच बोटे असतात हे मी वर्गात दरसाल शिकवत आलो होतो, आणि याच पायांना सोनबाने सुतळी बांधली होती. काचून बोट गळले असणार, असे मी ठरवून टाकले. कागदावर ‘बोटे पाच, पैकी एक दोरीने तुटलेले’ असे लिहिले आणि चित्र काढताना पाचवे बोट घरचेच घातले, नखासकट. रंगाच्या बाबतीत मी डोळ्यांवर विश्वास ठेवला, माणसावर नाही. बोटांच्या बाबतीत दोघांवरही नाही. त्याने जिवंत सरडा तीन दिवस सांभाळला होता, त्याला एक शब्द विचारावा हे माझ्या मनातही आले नाही.

चित्र आणि वर्णन मी मुंबईला एका संग्रहालयातल्या साहेबांकडे पाठवले. दोन महिन्यांनी उत्तर आले. अशा खवल्यांचा, निळा आणि पाच बोटांचा सरडा त्या मुलखात असल्याची नोंद नाही. प्राणी दुसरीकडचा असावा. खलाश्यांनी सांगितलेल्या ठिकाणावर विसंबू नये. सोनबा आणि तुकाराम उत्तर ऐकायला आले. मी ते मराठी करून वाचले, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत. ते वाक्य मी गाळू शकलो असतो... पण वाचले.

सोनबाने बरणी पुढे ओढून पाहिली. मग म्हणाला, “मास्तर, चारच बोटां व्हती. जिता व्हता तवा मोजलीत मी.”

“अरे, सुतळीनं तुटलं असेल एखादं.”

“दोनी पायांची? सारकीच?”

मला राग आला. खरा प्रश्न विचारला की मास्तर लोकांना येतो तसा. “पुस्तकापेक्षा तुला जास्त कळतं का?” असे मी म्हटले. तो उठला. “बरनी ऱ्हाऊं द्या तुमच्याकडंच,” एवढे म्हणून गेला. तुकारामने ही गोष्ट पुढच्या मचव्याने बुरोंडीला पोचवली आणि तिथे सोनबाला ‘चारबोट्या’ म्हणू लागले. सरडा आपल्याच परड्यातला, मास्तरानी पकडलान सोनबाला, असा तिचा बोलबाला झाला. हे मला कळले होते. पोरकट थट्टा आहे, विरून जाईल, असे म्हणून मी तिकडे काणाडोळा केला. ती विरली नाही. सोनबाने मात्र परमुलखाच्या गोष्टी सांगणेच सोडून दिले. तो घरी यायचा, जाळी विणायचा आणि परत बोटीवर जायचा. जानकीने हे मला फार नंतर सांगितले, तेही मी विचारले म्हणून.

दहा-एक वर्षे गेली. बरणीतली दारू उडून कमी झाली होती म्हणून नवे स्पिरिट घालायला मी सरडा बाहेर काढला आणि सहज पाय भिंगाखाली धरला. त्या उंचवट्यावर गुळगुळीत खवले होते. व्रण नाही, हाडाचे टोक नाही. दुसऱ्या पायावरही अगदी तसेच. तुटलेले बोट असे नसते... तिथे बोट कधी नव्हतेच. त्याच दिवशी नवे चित्र काढले, आहे तसे, चार बोटांचे. रंग ‘हिरवा’ लिहिला आणि शेजारी कंसात ‘पकडणाऱ्याच्या सांगण्यावरून’ असे टाकले. यावेळी उत्तर यायला वर्ष लागले, कारण साहेबांनी ते लंडनला दाखवले होते. मागच्या पायांना चारच बोटे असणे हीच त्या जातीची मोठी खूण, तिला टेयस म्हणतात, ती त्याच नद्यांच्या काठच्या माळावर असते आणि जिवंतपणी हिरवी असते. स्पिरिटमध्ये पिवळा रंग विरघळून जातो आणि निळा तेवढा मागे राहतो, असे त्यांनी लिहिले होते. सोनबाचा शब्द न् शब्द खरा निघाला होता.

तोवर तो बोटीवरून कायमचा उतरून बुरोंडीला बसला होता, छातीच्या दुखण्याने पार खाल्ले होते त्याला. कार्ड टाकावे, तर ते दुसराच कोणी वाचून दाखवणार. जायला हवे होते, पण आज परीक्षा, उद्या पाहुणे असे करत वर्ष काढले. अखेर गेल्या चैत्रात गेलो. पुरुषमाणसे समुद्रावर गेलेली, वाडी सामसूम. तो ओटीवर पडून होता. मी पत्र वाचले. त्याने डोळे मिटून ऐकले.

“चार?”

“चार.”

“दोनी पायांला?”

“दोन्ही. माझंच चुकलं, सोनबा.”

तो हसला, हसता हसता खोकला लागला, जानकीने पाठ चोळली. उबळ थांबल्यावर म्हणाला, “मना ठाव व्हता ता, मास्तर. मना कशाला सांगताव? त्यांना सांगा.”

होड्या तिन्हीसांजेला परतणार होत्या. मी तेवढा थांबलो असतो तर चालले असते. मला नेणारा मचवा भरतीबरोबर सुटेल, असे कारण मी पुढे केले, पण खरे सांगायचे तर त्या सगळ्यांसमोर उभे राहून ‘मी चुकलो’ म्हणायची माझी छाती झाली नाही. नारळी पौर्णिमा झाली की बरणी घेऊन येतो आणि सगळ्यांना बोलावून पत्र वाचतो, असे मी त्याला वचन दिले. त्याने मान हलवली. त्याला ते खरे वाटले की नाही, मला सांगता येत नाही.

पौर्णिमेनंतर पहिल्या मचव्याने मी गेलो, बरणी मांडीवर घेऊन. तुकारामही बरोबर आला. सोनबाच्या अंगणात माणसे जमली. दोन्ही पत्रे वाचली, माझे जुने चित्र दाखवले आणि यातले पाचवे बोट मी पदरचे घातले होते, सोनबा पहिल्या दिवसापासून खरे बोलत होता, असे सांगितले. सोपे गेले ते. ज्याच्यासमोर जड जायचे तो नव्हता. तुकारामने बरणी उजेडात धरली आणि काचेवर बोट टेकवत मोजले, एक, दोन, तीन, चार. बरणी फिरवून दुसरा पाय मोजला. मग ती हातोहात फिरू लागली, जो तो मोजू लागला. कुणी हसत नव्हते.

जानकी दारात उभी होती. ती म्हणाली, “आता मोजताव? हे व्हते तवा एकानी तरी बरनी मागवून बगितलान?”

मी बरणी तिच्यापुढे धरली, तुमच्याकडे राहू दे म्हटले. तिने ती घेतली, खूप वेळ पाहिली. “ह्यो तर निळा हाय,” ती म्हणाली. “हे हिरवाच सांगायचे.” मी तिला स्पिरिटचे आणि रंगाचे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि बरणी माझ्या हातात परत दिली. “न्या शाळंत. पोरांना मोजूं द्या.”

बरणी परत त्याच फळीवर आहे. जुनी चिठ्ठी खरवडून मी नवी लावली आहे: प्राण्याचे नाव, त्या नदीचा मुलूख, मागील पायांची बोटे चार, पकडणारा सोनबा खलाशी, मुक्काम बुरोंडी. शेवटच्या ओळीत रंग लिहिला आहे, हिरवा. वर्गातला कोणी ना कोणी उठून म्हणतो, गुरुजी, हा तर निळा दिसतो. मी त्याला सांगतो, सोनबाने तो जिवंत पाहिला होता.